घरच्या घरी पटिंग : फरशी, सतरंजी आणि गच्ची

गोल्फ नव्याने शिकणारा माणूस पहिले काही महिने ड्राइव्हच्याच, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याच्याच, नादात असतो. चेंडू किती लांब गेला हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू होलकडे लोळवणारे किती पट लागले हे मात्र कोणी विचारत नाही. स्कोअर-कार्डाचा हिशेब वेगळा आहे. ७२ पारच्या (म्हणजे ७२ फटक्यांत पुरा व्हावा अशा) कोर्सवर प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे १८ होलांना ३६ पट, अर्थात निम्मा पार. अडीचशे यार्डांचा ड्राइव्ह आणि अडीच फुटांचा पट यांची किंमत कार्डावर सारखीच, एक फटका.

ऑगस्ट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली, तेव्हा गोल्फशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही शनिवारी सकाळी टीव्ही सुरू होते. त्या स्पर्धेत तिचा ड्राइव्ह बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आखूड पडत होता. ती पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली ती पटरच्या, म्हणजे पट मारायच्या काठीच्या, जोरावर. ताकद कमी असलेल्या, उशिरा खेळायला लागलेल्या किंवा वयाची पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने यातून घ्यायचे ते सरळ आहे.

सोलापुरात राहून पुण्याच्या कोर्सवर खेळायचे म्हटले की सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास, राहण्याची सोय आणि ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे शुल्क) असा सगळा मामला होतो. तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जमला तरी पुष्कळ झाले. ड्राइव्हचा सराव घरात करता येत नाही, आणि केलाच तर शेजाऱ्यांशी बोलणे बंद होते. पटिंग मात्र घरातल्या दहा-बारा फुटांच्या मोकळ्या जागेत शिकता येते, आणि सोलापूरच्या घरात त्याला लागणारे बहुतेक साहित्य आधीपासूनच असते. पुढे जे लिहिले आहे ते उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी पहिल्यांदा खऱ्या ग्रीनवर उभा राहिलो तेव्हा वीस फुटांवरून चेंडू आत घालायला मला पाच पट लागले. पहिला पट होलच्या आठ फूट पुढे गेला, दुसरा चार फूट आखूड पडला, तिसरा पुन्हा पुढे गेला. मी दिशा चुकली म्हणून हळहळत होतो. सोबतचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, शांतपणे म्हणाला, “साहेब, लाइन पाचही वेळा बरोबर होती. पेस एकदाच बरोबर आला.” लाइन म्हणजे दिशा, पेस म्हणजे वेग. या लेखातला सर्वांत मोठा भाग वेगाला दिलेला आहे त्याचे कारण ते वाक्य आहे.

पटर आणि चेंडू

यात फार वेळ घालवू नये. पटर सामान्यतः ३३ ते ३५ इंच लांबीचा असतो, आणि तुम्ही सहज वाकून उभे राहिल्यावर हात खांद्यांच्या खाली मोकळे लोंबत असताना ग्रिप, म्हणजे पटरची मूठ, तळव्यात आली तर ती लांबी तुमची. लांब पटर घेतला की माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो, आखूड घेतला की पाठ मोडते. पटरच्या डोक्याच्या आकारावरून ब्लेड म्हणजे अरुंद आणि मॅलेट म्हणजे रुंद असे दोन ढोबळ प्रकार आहेत. पटरची दांडी आडवी करून एका बोटावर तोलून धरावी : फळी, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, आकाशाकडे पाहत राहिली तर तो पटर सरळ मागे-पुढे नेणाऱ्याला सोयीचा, आणि डोक्याचे टोक जमिनीकडे झुकले तर किंचित कमानीत फिरवणाऱ्याला. नवख्याने मॅलेट घ्यावा असे माझे मत आहे, कारण मधोमध न लागलेला चेंडूही तो फारसा भरकटू देत नाही. वापरलेला पटर घेतला तरी काही बिघडत नाही. पटर झिजत नाही, ग्रिप तेवढी बदलून घ्यावी.

पटरची फळी पूर्ण उभी दिसली तरी तिला साधारण तीन-चार अंशांचा लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, असतो. गवतात चेंडू स्वतःच्या वजनाने किंचित रुतलेला असतो. हा लॉफ्ट त्याला त्या खळगीतून उचलतो, मग चेंडू थोडे अंतर घसरत जातो आणि त्यानंतर लोळू लागतो. हात चेंडूच्या मागे राहिले तर लॉफ्ट वाढून चेंडू उडी मारतो. फरशीवर ही उडी ऐकूसुद्धा येते, “टक्” असा एक जादा आवाज होतो.

चेंडू मात्र एकाच प्रकारचे वापरावेत. घरी कडक, स्वस्त चेंडू आणि कोर्सवर मऊ, महाग चेंडू असे केल्यास हाताला लागलेली सवय फुकट जाते.

उभे राहणे

पाय खांद्यांइतके किंवा थोडे कमी अंतर ठेवून, वजन दोन्ही पायांवर सारखे घेऊन उभे राहावे. कमरेतून वाकावे; मानेतून वाकू नये. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापासून किंचित डावीकडे असावा. आता दुसरा चेंडू नाकाच्या शेंड्याऐवजी दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी धरून सोडून द्यावा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या जरा अलीकडे, पायांच्या बाजूला पडला तर डोळे जागेवर आहेत. पलीकडे पडला तर तुम्ही फार वाकलेले आहात आणि होलकडे जाणारी रेषा तुम्हाला तिरपी दिसत आहे; मग हात कितीही शहाणा असला तरी डोळे त्याला फसवणार.

ग्रिपबद्दल जितके लोक तितकी मते आहेत. बहुतेक जण दोन्ही तळवे समोरासमोर आणि दोन्ही अंगठे ग्रिपच्या सपाट बाजूवर ठेवतात, व डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवरून खाली सोडतात. ज्यांचे उजवे मनगट ऐन वेळी वळवळते त्यांनी डावा हात खाली आणि उजवा वर अशी उलटी पकड करून पाहावी. पकड कोणतीही असो, ती सैल हवी. चिमणीचे पिल्लू धरावे तितक्या हलक्या हाताने धरा असे शिकवणारे सांगतात. मी आपला हिशेब असा ठेवला आहे की कडक भाकरी न मोडता उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच पटरला द्यायचा.

झोका

पटिंगमध्ये मनगटाचे काम जवळजवळ नाही. दोन्ही खांदे, दोन्ही हात आणि पटर मिळून एक त्रिकोण होतो, आणि तो त्रिकोण घड्याळाच्या लंबकासारखा मानेखालच्या एका बिंदूभोवती हलतो. डोके हलू नये. गुडघे हलू नयेत. भिंतीला कपाळ हलकेच टेकवून, पटर न घेता नुसते हात जोडून, असा झोका पन्नास वेळा घेतला की कोणता अवयव आगाऊपणा करतो ते लगेच कळते.

चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरची फळी कुठे पाहत होती यावर ठरते; झोका कोणत्या वाटेने आला याचा वाटा त्यामानाने कमी असतो. याचे गणित घालून पाहण्यासारखे आहे. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे त्रिज्या २ इंचांहून जराशी जास्त. दहा फुटांवरून, म्हणजे १२० इंचांवरून, फळी फक्त एक अंश वाकडी असली तर चेंडू होलच्या मध्यापासून सुमारे २.१ इंच बाजूला पोहोचतो, म्हणजे नेमका कडेवर. तीन फुटांवरून मात्र तीच चूक सहा दशांश इंचाची होते आणि चेंडू बिनबोभाट आत पडतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे आत्मविश्वासाची गोष्ट निघेल तेव्हा ते कामाला येणार आहेत.

फळी सरळ ठेवायला शिकण्यासाठी घरातली शहाबादी फरशी ही फार सोयीची वस्तू आहे. दोन फरशांमधला सांधा ही दोऱ्याने आखावी तशी सरळ रेषा असते. चेंडू सांध्यावर ठेवावा, पटरच्या डोक्यावरची खूण सांध्याशी जुळवावी आणि तीन फुटांपर्यंतच मारावे. चेंडूने सांधा सोडला तर कोणत्या बाजूला सोडला ते पाहावे. नेहमी उजवीकडेच जात असेल तर फळी उघडी राहते आहे, डावीकडे जात असेल तर मिटते आहे. त्यानंतर चेंडूच्या एक फूट पुढे दोन बाटल्या अशा ठेवाव्यात की त्यांच्यातून चेंडू जेमतेम जाईल. आमच्या घरी या कामासाठी शेंगा चटणीच्या दोन बरण्या नेमल्या होत्या. एक फुटल्यापासून प्लास्टिकच्या बाटल्या वापरतो. या दारातून दहापैकी आठ चेंडू बरण्यांना न लागता जाऊ लागले की दिशेचा विषय सध्यापुरता बंद करावा. नवख्याला यापुढे दिशेतून फार काही मिळत नाही, आणि वेगातून मात्र सगळे मिळायचे बाकी असते.

वेग

ग्रीन किती पळते हे मोजण्याचे एक साधे साधन आहे, त्याला स्टिम्पमीटर म्हणतात. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी गोल्फपटूने १९३५ मध्ये त्याची कल्पना काढली. खाच असलेली ३६ इंचांची एक पट्टी, तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक सावकाश उचलायचे, ठरावीक कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जाईल तितका त्या ग्रीनचा वेग. रोजच्या खेळाच्या कोर्सवर हा आकडा साधारण आठ ते दहा असतो, मोठ्या स्पर्धांत बाराच्या पुढे जातो.

म्हणजे एकाच ताकदीचा पट एका ठिकाणी आठ फूट जाणार आणि दुसऱ्या ठिकाणी बारा. महिन्यातून एकदा परक्या कोर्सवर जाणाऱ्याची खरी परीक्षा ही आहे, आणि म्हणून घरी एकाच मॅटवर तासन्‌तास सराव करण्यापेक्षा वेगवेगळ्या पृष्ठभागांवर थोडा थोडा सराव करणे मला जास्त उपयोगी वाटते. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची हातभर पट्टी मधोमध दुमडून तिची पन्हळ करावी, एक टोक दोन विटांवर टेकवावे आणि वरून चेंडू सोडावा : आधी उघड्या फरशीवर, मग सतरंजीवर, मग सोलापुरी चादरीवर, आणि हौस असेल तर टेरी टॉवेलवर. फरशीवर चेंडू समोरच्या भिंतीपर्यंत जातो. सतरंजीवर तो मध्येच विचारात पडल्यासारखा मंदावतो. चादरीवर आणखी अलीकडे थांबतो, आणि टॉवेलवर तर चार पावलांत बसकण मारतो. प्रत्येकाचे अंतर वहीत लिहून ठेवावे. यांपैकी कोणताही पृष्ठभाग ग्रीनची हुबेहूब नक्कल नव्हे, पण तशी नक्कल लागतही नाही. नवीन पृष्ठभागावर दोन-चार चेंडूंत जुळवून घेण्याची सवय हाताला लागणे एवढेच आपल्याला हवे आहे.

चादर अंथरताना ती ताणून, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून अंथरावी. सोलापुरी चादरीचे विणकाम जाड आणि उठावदार असल्याने तिच्यावर चेंडू किंचित थरथरत जातो, आणि काठाजवळची सरळ पट्टी रेषेसारखी वापरता येते. धुऊन मऊ पडलेली जुनी चादर नव्या चादरीपेक्षा बरी, कारण तिच्यावर चेंडू कमी उडतो. नवी चादर सरावाला घेतली तर घरातून जो विरोध होईल त्याला हा लेख जबाबदार नाही.

आता मुख्य सराव. सतरंजीच्या कडेला खडूने तीन, सहा, नऊ आणि बारा फुटांवर खुणा कराव्यात. होल नको, पेला नको. काहीही लक्ष्य ठेवले की लक्ष दिशेकडे पळते. पहिला चेंडू तीन फुटांच्या खुणेवर थांबवायचा प्रयत्न करावा, दुसरा सहावर, तिसरा नऊवर, चौथा बारावर, आणि मग उलट क्रमाने खाली यावे. हा चढ-उतार जमू लागला की खुणा पुसून टाकाव्यात आणि नियम असा करावा की प्रत्येक चेंडू आधीच्या चेंडूच्या पुढे जावा, पण एक फुटाहून जास्त पुढे नको. बारा फुटांच्या पट्ट्यात दहा चेंडू बसवणे ऐकायला सोपे वाटते, करून पाहावे.

हे करताना जोर कमी-जास्त करायचा नाही, झोक्याची लांबी कमी-जास्त करायची. तीन फुटांच्या पटाला पटर जेमतेम उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मागे जाईल, बारा फुटांना अंगठ्याच्या बराच पलीकडे. प्रत्येकाचे माप वेगळे येते आणि ते स्वतःच शोधावे लागते. ठेका मात्र प्रत्येक झोक्याला तोच हवा. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीतून जाताना यंत्रमागांचा खटखटाट ऐकू येतो, तो मी कित्येकदा थांबून ऐकला आहे : आत चादरीवरची नक्षी कोणतीही असो, बाहेर येणारा ठेका एकच. मनात “एक” म्हणत पटर मागे न्यावा आणि “दोन”वर चेंडू लागावा. लांब पटालाही तोच “एक-दोन”, छोट्या पटालाही तोच.

नवख्याची ठरलेली चूक अशी की पटर मागे खूप नेतो, मग आपण फार जोरात मारणार अशी भीती वाटून चेंडूजवळ येता येता हात आखडतो. असा पट आखूडही पडतो आणि वाकडाही जातो. मागे कमी न्यावे आणि पुढे बिनधास्त सोडावे. पटर मागे जितका गेला तितका किंवा थोडा जास्त पुढे जायला हवा.

आणखी एक सराव आहे, तो मला सर्वांत अधिक उपयोगी पडला. पट मारावा, मान खालीच ठेवावी आणि चेंडू थांबण्याच्या आत मोठ्याने सांगावे : आखूड, लांब, की बरोबर. मग मान वर करून पाहावे. पहिल्या दिवशी अंदाज निम्म्याहून जास्त चुकतात. दोन आठवड्यांत डोळ्यांआधी हाताला कळू लागते, आणि एकदा हाताला कळू लागले की चूक दुरुस्त करायला शिकवणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. सोलापुरातल्या ज्या पिढीने लहानपणी गोट्या खेळल्या आहेत तिला हे नवीन नाही. गलीपर्यंत गोटी पोहोचवताना अंतर कोणी मोजले नव्हते, नजर गलीवर असायची आणि बोट आपोआप तेवढेच ताणले जायचे. म्हणून पटच्या आधीचे सरावाचे झोकेही चेंडूकडे नव्हे, जिथे पोहोचायचे त्या जागेकडे पाहत घ्यावेत.

लांब पटाबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की पंचवीस फुटांवरून आत घालण्याचा विचारच सोडून द्यायचा असतो. होलभोवती तीन फुटांचे वर्तुळ कल्पावे आणि चेंडू त्या वर्तुळात आणून ठेवावा. आत पडला तर नशीब. छोट्या पटाला मात्र वेग असा असावा की होल चुकलेच तर चेंडू साधारण दीड फूट पुढे जाऊन थांबेल. होलच्या काठाशी येऊन मरगळणारा चेंडू गवताच्या बारीकशा उंचवट्यानेही वळतो. उलट फार वेगाने आलेल्या चेंडूसाठी होल आकसते, कारण मधोमध नसलेला वेगवान चेंडू काठाला घासून गिरकी घेतो आणि बाहेर फेकला जातो.

उतार : गच्चीवरचा पाठ

घरातली फरशी सपाट असते, म्हणून उतार शिकायला गच्चीवर जावे. पावसाचे पाणी निघून जावे यासाठी गच्चीच्या कोब्याला पाइपाच्या दिशेने मुद्दाम उतार दिलेला असतो, तो साधारण दहा फुटांना एक ते दीड इंच भरतो, आणि ग्रीनवर होल कापतात त्या भागातही उतार शेकडा एक ते तीन इतकाच असतो. म्हणजे प्रत्येक घराच्या डोक्यावर उताराची शाळा आहे, आणि आपण तिथे फक्त पापड वाळवतो.

आधी डोळ्यांनी अंदाज घ्यावा की उतार कुठे आहे. मग बूट काढून, पाय थोडे फाकवून उभे राहावे आणि कोणत्या तळव्यावर जास्त वजन येते ते पाहावे. पायांना उतार डोळ्यांपेक्षा लवकर कळतो. शेवटी अर्धा तांब्या पाणी त्या जागी ओतावे आणि ते कुठे धावते ते पाहावे. पाणी जपून वापरणारे आपले गाव आहे, तेव्हा अर्धा तांब्या पुरे, आणि तेही तुळशीच्या बाजूला वाहील अशी जागा निवडावी. दहा-बारा ठिकाणी असे केले की पुढे तांब्या लागत नाही. ग्रीनवर उभे राहिल्यावर मनातल्या मनात विचारायचे : इथे पाणी ओतले तर कुठे जाईल? चेंडूही तिकडेच वळणार.

मग सतरंजी उताराला आडवी टाकून जुन्या चेंडूने पट मारून पाहावेत. उघड्या कोब्यावर चेंडू खरवडतो आणि उड्या मारतो. दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. एक, चेंडू निघताना वेगात असल्याने जवळजवळ सरळ जातो आणि मंदावत गेला की वळतो. म्हणून चेंडूजवळच्या उतारापेक्षा होलजवळचा उतार नीट वाचावा. दुसरी, तीच रेषा जोरात मारली तर कमी वळते आणि हळू मारली तर जास्त. वेग ठरवल्याशिवाय लाइन ठरतच नाही. नवखे लोक ग्रीनवर गुडघ्यावर बसून लाइन पाहतात, मग उभे राहून वेगाचा विचार करतात. क्रम उलटा हवा. लाइन ठरली की होल विसरून तिच्यावरचा सर्वांत बाहेरचा बिंदू धरावा आणि तिथे सरळ पट मारावा. वळवण्याचे काम उताराचे आहे, आपल्या हाताचे नाही. उतार कमी धरण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात, म्हणून शंका आल्यास थोडा जास्तच धरावा.

चढावर वळण कमी असते आणि हात मोकळा सोडता येतो, उतारावर दोन्ही उलट. त्यामुळे होलच्या वरच्या बाजूला चेंडू नेऊन ठेवण्यापेक्षा खालच्या बाजूला दोन फूट जास्त अंतर राहिलेले परवडते. आपल्याकडच्या पुष्कळ ग्रीनवर बर्म्युडा जातीचे गवत असते आणि त्याचे पाते एका दिशेला झुकलेले असते. चकचकीत दिसते त्या दिशेने मारल्यास चेंडू पळतो, गडद दिसते त्या दिशेने अडतो.

गच्चीवरचा सराव सकाळी सातच्या आत उरकावा. एप्रिल-मे महिन्यांत दहानंतर सोलापूरच्या गच्चीवर अनवाणी उभे राहून उतार वाचणे कोणालाही जमणार नाही.

तीन फूट

आत्मविश्वास हा शब्द या खेळात फार वापरला जातो आणि तो कसा मिळवायचा हे क्वचितच सांगितले जाते. “मी हा पट घालणारच” असे मनाशी म्हणण्याने मला आजवर काहीही मिळाले नाही. मिळाले ते मोजण्याने. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, हे कळल्यावर दहा फुटांवरून चुकलेल्या पटाची लाज वाटेनाशी झाली. आणि वरच्याच हिशेबाने, तीन फुटांवरून फळी दोन अंश वाकडी असली तरी चेंडू आत जातो, हे गणित घातल्यावर छोट्या पटाची भीतीही कमी झाली. तीन फुटांचा पट सहसा तंत्रामुळे चुकत नाही. चेंडू पडला का ते पाहण्यासाठी मान आधीच वर जाते, तिच्याबरोबर खांदा उघडतो आणि फळी फिरते.

घरच्या सरावाला स्टीलचा पेला आडवा ठेवावा. त्याचे तोंड खऱ्या होलपेक्षा लहान असते, त्यामुळे ग्रीनवरचे होल पाहिले की ते परातीएवढे वाटते. तीन फुटांवरून सलग दहा चेंडू पेल्यात घालायचे, मध्ये एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. सातवा-आठवा चेंडू आला की हात जड होऊ लागतो, श्वास वर चढतो. स्पर्धेत जे होते तेच इथे सतरंजीवर होते, आणि त्याची सवय करून घेणे हाच या सरावाचा हेतू आहे. दहा जमले की पंधरा, मग पंचवीस. चेंडू मारल्यावर डोळे त्याच्या मूळ जागेवर ठेवावेत आणि पेल्याचा आवाज कानांनी ऐकावा. दुपारच्या वेळी हा आवाज घरातल्या सगळ्यांनाच ऐकू येतो, म्हणून पेल्यात रुमाल कोंबावा.

रोज वहीत तारीख आणि सलग किती गेले हा आकडा लिहावा. वाईट दिवस येणारच. तेव्हा मागची पाने उलटावीत. ग्रिप दर आठवड्याला बदलू नये. इंटरनेटवर रोज नवा उपाय सांगणारा भेटतो, त्याचे ऐकायचे असेल तर निदान एक महिना तरी एकाच उपायावर राहावे.

काहींच्या हातांना पटच्या क्षणी झटका बसतो, त्याला यिप्स म्हणतात. जर्मनीचा बर्नहार्ड लांगर याला कारकिर्दीत अनेकदा यिप्सने गाठले, त्याने त्यापायी ग्रिपचे चमत्कारिक प्रकार करून पाहिले, आणि तरी १९८५ व १९९३ अशी दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकली. झटका येत असेल तर पकड पूर्णपणे बदलून पाहणे हा त्यातला खरोखर उपयोगी मार्ग आहे. वर एकच ग्रिप ठेवा म्हटले, त्याला हा अपवाद.

प्रत्येक पटच्या आधीचा क्रम एकदा ठरवून टाकावा आणि मग तो मोडू नये. माझा असा आहे : चेंडूच्या मागून उतार पाहणे, वेग ठरवणे, लाइन ठरवणे, होलकडे पाहत दोन कोरडे झोके, पटर चेंडूमागे टेकवणे, होलकडे एक नजर, आणि मारणे. शेवटच्या नजरेनंतर जो थांबतो त्याच्या डोक्यात शंका शिरते. खेळण्याची पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी नियमांची शिफारस आहे, आणि एवढा क्रम त्यात आरामात बसतो.

ग्रीनवर गेल्यावर

काही रीतिरिवाज आधीच माहीत असलेले बरे, कारण ते न पाळल्यास सोबतचे लोक तोंडावर काही बोलत नाहीत आणि पुढच्या वेळी बोलावत नाहीत. दुसऱ्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय देऊ नये. बूट फरफटत चालू नये. चेंडू उचलण्याआधी त्याच्या मागे मार्कर ठेवावा. रुपयाचे नाणे चालते. आपल्या चेंडूने ग्रीनवर पाडलेला खळगा काठांकडून मध्याकडे दाबून बुजवावा. २०१९ पासून नियम बरेच सैल झाले आहेत : होलमध्ये झेंडा ठेवून पट मारता येतो आणि चेंडू त्याला लागला तरी दंड नाही, बुटांच्या खिळ्यांनी झालेल्या खुणा दुरुस्त करता येतात, आणि ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर तो दंडाशिवाय मूळ जागी ठेवता येतो. पटरचे टोक छातीला किंवा पोटाला टेकवून मारण्याला मात्र १ जानेवारी २०१६ पासून मनाई आहे.

लांबचा प्रवास करून आलेला माणूस घाईघाईने थेट पहिल्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागेवर) जातो, तसे करू नये; वीस मिनिटे सरावाच्या ग्रीनसाठी राखावीत. पहिली दहा मिनिटे होलकडे पाहूच नये. ग्रीनच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत चेंडू पाठवावेत आणि ते कडेच्या आत थांबवण्याचा प्रयत्न करावा, मान वर करण्याआधी आखूड की लांब ते स्वतःशी सांगत राहावे. आजचे ग्रीन आपल्या सतरंजीसारखे आहे की फरशीसारखे, याचे उत्तर पाच-सहा चेंडूंत मिळते. सकाळी दव असेल तर हा अंदाज तासाभराने बदलेल, गवत सुकले की चेंडू जास्त पळेल, हेही मनात धरावे. मग चढावर आणि उतारावर दहा-दहा फुटांचे चार-चार पट. शेवटी मोजून पाच चेंडू एका फुटावरून आत घालावेत, आणि शेवटचा कपात पडल्याचा आवाज कानात असतानाच पहिल्या टीकडे निघावे.